शिवी तिच्याच भाषेत

राहू (ता. दौंड), ५ फेब्रुवारी १९७८, रविवार

माझ्या पोराने, शंकरने, खताच्या दुकानातून ही डायरी फुकट आणली आणि म्हणाला, दुधाचा हिशेब लिहू. दुधाचा हिशेब म्हशीला ठाऊक असतो, तो कशाला लिहायचा? डायरी मी काढून घेतली. मला अक्षर येत नाही, तेव्हा मी बोलणार आणि माझी सून चांगुणा लिहिणार. ती सातवीपर्यंत शिकली आहे आणि त्याचा तिला अजून माज आहे. मी ‘न्हाई’ म्हटलं की ही ‘नाही’ लिहिते. माझ्या बोलण्याला इस्त्री करते. करू दे. कापड माझंच आहे.

पहिल्यांदा हे लिही, की माझा अपमान झाला.

माझा नातू पोपट दौंडला रेल्वेच्या शेडात कामाला आहे. तिथल्याच नरसय्या नावाच्या फिटरची पोरगी त्याने पसंत केली. नागमणी तिचं नाव. तेलुगू माणसं, गुंटकलकडून बदली होऊन दोनेक वर्षांपूर्वी आलेली. लग्न पुण्यात सह्या करून झालं. मी गेले नाही. मला सही येत नाही, मग सह्यांच्या लग्नात माझं काय काम? पुढे पोरीला दिवस राहिले, चांगुणेने माझं डोकं खाल्लं, म्हणून संक्रांत झाल्यावर आम्ही दोघी विहिणीला भेटायला दौंडला गेलो.

विहीण अंकम्मा दारातच उभी. आडवी भरदार बाई, नाकात दोन्हीकडे चमक्या. मला बघून तिने दोन्ही हात पुढे केले, सगळे दात दाखवले आणि म्हणाली...

चांगुणा म्हणते, हा शब्द मी लिहिणार नाही. मग टिंबं दे. नवरा मेलेल्या बाईला भांडणात फेकून मारतात ना, तो शब्द. वर त्याला ई लावून पार बाजारात बसवलेला. एकदा नव्हे, दोनदा म्हणाली. हसत हसत. आणि मागून ‘कुरचंडी’. त्यातली चंडी मला समजली, कुर कोणती ते तिची तिला माहीत. चांगुणेच्या कपाळावर कुंकू आहे, माझ्या नाही. शब्द कोणासाठी होता ते सांगायला नको.

मी उंबऱ्यावरून मागे फिरले. तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. एस्टीत चांगुणा रडत होती. अपमान माझा, रडणार ही.

घरी आल्यावर शंकरने विचारलं, “काय म्हणाली गं ती?” पोटच्या पोराला हा शब्द कसा सांगायचा? शिवी दिली, एवढंच म्हटलं. पोपटला तर तेवढंही सांगितलं नाही. त्यामुळे तो शब्द मी आणि चांगुणा दोघींच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून आहे.

७ फेब्रुवारी, मंगळवार

पोपटला रेल्वेने तीन महिने सोलापूरला ट्रेनिंगला धाडलं. बायकोला तो तिच्या आईकडे ठेवणार होता. मी निरोप पाठवला, इथं आणून सोड. आज सोडून गेला.

पोरीचा सहावा सरत आला आहे आणि पोट बघितलं तर चौथ्याचं वाटेल. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत मला ठाऊक आहे. पण माझ्या नातवाची बायको त्या घरात बाळंत होणार नाही. त्या बाईला लेक न्यायची असेल तर तिने माझ्या दारात यावं आणि सगळ्या गल्लीसमोर माझ्याकडून ऐकून घ्यावं. तसं मी समोरच्या मालनबाईला सांगून ठेवलं. मालनबाईला सांगितलं की दवंडी पिटायचा खर्च वाचतो.

पोरीला मराठी येत नाही. पोपटशी मोडकं हिंदी बोलते आणि हिंदी मला येत नाही. तिने माझ्याकडे बघायचं, मी तिच्याकडे. म्हशीशी माझं याहून जास्त बोलणं होतं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

आज चुलीपुढे बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. ती बाई आली आणि मी मराठीत सुनावलं, तर तिला कळणार काय? ती दात दाखवून हसेल. माझी शिवी वाया. शिवी द्यायची तर तिच्याच भाषेत द्यायला हवी, म्हणजे लागायची तिथे लागेल.

तेव्हा मी त्यांचं अंडूगुंडू शिकणार. मास्तरीण घरात आयती आहे.

चांगुणा हसली. म्हणाली, “आत्याबाई, मी धा वरसं मागं लागले, सही तरी शिका म्हणून. तवा न्हाई शिकला.”

“सहीनं कुणाला लागतं का?” मी म्हटलं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

शिकणं चाललं आहे. मी एखाद्या वस्तूला बोट लावते, पोरगी तिचं नाव सांगते. काय ती भाषा. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखी. मिठाला उप्पु. घराला इल्लु. आजीला म्हणे अव्वा. मला हाक मारते ती अशी, जसं काही मला बघून दचकली. सासूला अत्ता. चांगुणा मला आत्याबाई म्हणते आणि ही चांगुणेला अत्ता. म्हणजे शब्द आमचाच उचलला आणि शेपूट तोडून ठेवलं. चोराची जात.

आज सकाळी मी भाकरी थापत होते. पोरगी एकदम ओरडली, “पालु! पालु!” मी भिंतीकडे बघितलं, आढ्याकडे बघितलं, खराटा घेऊन उभी राहिले. पाल काही दिसेना. तोवर चुलीवर दूध उतू जाऊन निखारे विझले. त्यांच्यात दुधाला पालु म्हणतात. दुधाला! पुन्हा ती मांजरीकडे बोट दाखवून म्हणते ‘पिल्लि’. एवढी म्हातारी बोकी, तीन वेळा व्यालेली, तिला पिल्लि. या लोकांना कोणी सांगायला नव्हतं काय?

खराटा हातात घेऊन मी पाल शोधत होते ते बघून पोरगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर पदर घेऊन हसली, पण पोट हलत होतं ते मला दिसलं. मी रागावले नाही. मास्तरणीवर रागावलं तर ती शिकवायची थांबेल.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक गोष्ट समजली, ती लिहून ठेव. फार महत्त्वाची नाही.

ही पोरगी आल्यापासून जेवताना काहीतरी पुटपुटते. मी वाढायला गेले की म्हणते, “नाकु...” आता ‘नको’ कोणाला कळत नाही? मी म्हणायची, नको तर नको, राहिलं. आणि टोपलं उचलायची. एकदा तर म्हणाली, “नाकु आकलि.” मी चांगुणेला म्हटलं, बघ, जेवण नको आणि वर माझी अक्कल काढते.

आज मी पाण्याच्या तांब्याला बोट लावलं, तर तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, “नाकु नीळ्लु कावालि.” तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायली. मग मी भाकरी दाखवली. पुन्हा छातीवर हात, “नाकु.” मग पोटावर हात ठेवून, “आकलि.”

नाकु म्हणजे मला. आकलि म्हणजे भूक.

मग सरळ ‘भूक लागली’ म्हणायला काय झालं होतं? उगाच लोकांना फसवायचं. मी तिच्या ताटात भाकरी टाकली, वर दुसरी टाकली, वर गूळ आणि तूप. तिने सगळं खाल्लं. मी आणखी अर्धी टाकली. तीही खाल्ली. चांगुणा, लिहिता लिहिता माझ्याकडे का बघते आहेस? खाली बघून लिही.

दुपारी पोरगी निजली होती तेव्हा मी मालनबाईकडून शेळीचं दूध मागून आणलं. आमच्या म्हशीचं आटत आलंय, दुसरं काही कारण नाही.

३ मार्च, शुक्रवार

वस्तूंची नावं खूप झाली. मीठ, मांजर घेऊन भांडता येत नाही. आज मी मुद्द्याला हात घातला. पोरीला समोर बसवलं, डोळे मोठे केले, मूठ नाचवली आणि म्हटलं, “शिवी! शिवी! तुमच्यात काय म्हणतात? शिवी!”

तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, “शिवय्या!” आणि हात जोडले. उठली, आंघोळीच्या दगडाकडे जाऊन पाय धुऊन आली, डोळे मिटले आणि महादेवाचं कसलंसं लांबलचक गाणं म्हणू लागली. आवाज बरा आहे. मी मूठ तशीच वर धरून बसले. मध्येच थांबवावं तर महादेवाचा अपमान. गाणं संपल्यावर तिने माझ्या पाया पडून घेतलं.

चांगुणा स्वयंपाकघरात जाऊन हसली. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही.

आज नरसय्याही येऊन गेला. शंकरशी हिंदीत बोलला. त्याची बायको रोज रडते म्हणे. काय चुकलं ते तरी सांगा, म्हणते. पोरीला बाळंतपणासाठी पाठवा. शंकर माझ्याकडे बघू लागला, त्याच्याकडून दुसरं काय व्हायचं? मी म्हटलं, “त्याला सांग, बायकोला धाड. काय चुकलं ते मी तिलाच सांगीन.”

बापाला निरोप देताना पोरगी खांबाला धरून उभी होती. रात्री जेवली नाही. मी म्हटलं, “आकलि?” तिने मान हलवली आणि म्हणाली, “वद्दु.” हा शब्द मला नवा होता, पण अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

११ मार्च, शनिवार

चांगुणा, आज नीट लिही. इस्त्री नको.

मी अंगणात तूर पाखडत होते. पोरगी आत. एकदम आतून ओरडली, “अव्वा! ....! ....! पिल्लि! पालु!”

टिंबांच्या जागी तोच शब्द. तिच्या आईचा. दोनदा.

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मनात आलं, आली शेवटी आईवर. पायातली वहाण काढून हातात घेतली आणि निघाले आत. दारापर्यंत पोचेतो माझ्या डोक्यात ते वाक्य फिरत होतं. अव्वा, म्हणजे मी. पिल्लि, म्हणजे मांजर. पालु, म्हणजे दूध. आजी, अमुक अमुक, मांजर, दूध. आत बोकी दुधाच्या पातेल्यात तोंड घालून बसलेली, आणि पोरगी एवढं पोट घेऊन कोपऱ्यात, कारण तिला मांजरीची भीती. ती मला हाताने बोलावत होती. हात आपल्याकडे ओढत होती. तोंडाने तोच शब्द.

हातातली वहाण मी मांजरीला मारली. ती आधीपासून मांजरीसाठीच काढली होती, असं लिही.

मग मी पोरीला अंगणात नेलं. मालनबाईच्या शेळीचं करडू दाखवलं आणि म्हटलं, “बोलाव.” तिने हात पुढे केला, “रा, रा.” करडू काही तेलुगू शिकलेलं नव्हतं, ते आलं नाही. मग मी विहिरीकडून येणारी चांगुणा दाखवली. “हिला बोलाव.”

“अत्ता, रंडि,” पोरगी म्हणाली.

चांगुणेच्या कमरेवरची घागर डचमळली. मी छातीवर हात ठेवला. “मला?”

“अव्वा, रंडि. कूर्चोंडि.” आणि तिने बसायला पाट ठेवला.

मी पाटावर बसले.

चांगुणेने घागर उतरवली आणि हळूच म्हणाली, “म्हंजी आत्याबाई, त्या दिवशी विहीणबाई आपल्याला ‘या, या, बसा’ म्हनत हुत्या.”

“मला कळतं,” मी म्हटलं. “मला तेलुगू येतं.”

हो, आणि हा शब्द आता टिंबं न देता लिही. ‘ये’ला रा आणि ‘या’ला रंडि. करडाला रा, माणसाला रंडि. काय दळभद्री भाषा! मान द्यायला यांना दुसरा शब्द सापडला नाही. सगळा मुलूख धुंडाळला आणि नेमका हा उचलला. चूक त्यांची आहे.

१३ मार्च, सोमवार

शंकरला सांगितलं, दौंडला जा आणि त्या बाईला म्हणावं, रविवारी ये. काय चुकलं ते ऐकून जा.

शंकर म्हणाला, “आई, जाऊ दे की आता. गल्लीत तमाशा कशाला?”

मी म्हटलं, “तमाशा कवापास्नं ठरलाय. लोकांचा इरस कसा करायचा?”

पोरीला काही सांगितलं नाही. सांगण्याइतके शब्द अजून मला येत नाहीत.

१९ मार्च, रविवार

सकाळपासून मालनबाई तिच्या ओट्यावर तांदूळ निवडते आहे. एवढे तांदूळ तिच्या घरात कधी नव्हते. शेजारचा गेणबा सायकल उलटी करून बसला, दुरुस्त काहीच करत नव्हता. बाकीच्यांनाही आज आमच्याच गल्लीत कामं निघाली. लोकांना लग्नाचं आमंत्रण द्यावं लागतं, भांडणाचं नाही.

अकराच्या एस्टीने अंकम्मा आली. एकटीच. हातात डबा, डोक्यावर पदर. घरापासून पंधरा-वीस पावलांवर थांबली. पुढे येईना. त्या दिवशी मला बोलावलं आणि मी पाठ फिरवली, ते तिच्या डोळ्यांसमोर असणार. आडवी भरदार बाई, पण अंग चोरून उभी होती. पोरगी आतून आईला बघून कळवळली, पण माझ्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडला नाही. पोटाखाली हात धरून दारामागे उभी राहिली.

मी बाहेर आले. पदर कमरेला खोचला. मालनबाईने सूप बाजूला ठेवलं.

मी दोन्ही हात पुढे केले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

“रंडि! अंकम्मा, रंडि! रंडि!”

मालनबाईच्या तोंडातून ‘अगं बया!’ बाहेर पडलं. गेणबाने सायकल सोडून कान धरले. एक म्हातारा ‘रामा रामा’ म्हणत उठून गेला. आणि ती अंकम्मा! हातातला डबा तिने छातीशी धरला, खळकन रडली आणि हसली, दोन्ही एकदम, आणि धावतच आली. माझे हात धरले. काहीबाही बोलत सुटली. मला त्यातलं ‘अव्वा’ कळलं, ‘पिल्ल’ कळलं. पिल्ल म्हणजे लेक, मांजर नव्हे, ते मी कालच शिकले. बाकीचं डब्यातल्या खड्यांसारखं. मी म्हटलं, “कूर्चोंडि.” ती बसली. मग पोरीला हाक मारली आणि मायलेकींना तिथंच सोडून आत गेले. चुलीचा धूर झाला होता. डोळे चुरचुरले.

चांगुणा म्हणते, चूल पेटवलेलीच नव्हती. चांगुणेला लिहायला ठेवलं आहे, बघायला नाही.

२० मार्च, सोमवार

पोरगी आईबरोबर गेली. डिंकाचे लाडू दिले. मीच म्हटलं, इथं तरी तिची कोण बडदास्त ठेवणार? निघताना माझ्या पाया पडायला वाकली, तर मी म्हटलं, “वद्दु.” त्या पोटानं वाकायचं नसतं, एवढी अक्कल नाही. अक्कलच म्हटलं मी, आकलि नव्हे.

दुपारी मालनबाई आली. हळूच म्हणाली, “जाईबाई, हद्द केलीत. तोंडावर बोललात. आन् ती बया हात धरून रडली आन् वर चहा पिऊन गेली! काय दरारा म्हनायचा.”

माझ्याकडे बघण्याची तिची नजर बदलली आहे. शेळीचं दूधही न मागता देऊन गेली. अज्ञान्यांना शिकवण्याचा मक्ता मी घेतलेला नाही.

संध्याकाळी बोकी दाराशी आली. मी तिला म्हटलं, “पिल्लि, रा.” तीही आली नाही. या घरात तेलुगू कळणारं आता कोणी राहिलं नाही.

दौंड, १४ मे, रविवार

मुलगी झाली. आज बारसं. डायरी चांगुणेने पिशवीत घालून आणली आहे, कारण मला घरी जाईपर्यंत दम निघणार नव्हता.

एस्टीतून उतरून आम्ही रेल्वेच्या चाळीत पोचलो. दारात अंकम्मा. नाकातल्या चमक्या घासून पुसून आलेली. पोरगी मागे बाळ घेऊन, चांगली भरली आहे. पोपटही ट्रेनिंग संपवून आला होता. मी मनात शब्द जुळवून ठेवले होते, पण तोंड उघडायच्या आधी अंकम्माने हात वर करून मला थांबवलं. तिने दोन महिन्यांत मराठी शिकून घेतली होती. आमच्यासाठी. भाजीवालीकडून आणि शेडातल्या खलाशी मजुरांकडून. तिने घसा साफ केला, शेजारच्या चार बायकांकडे बघितलं आणि मोठ्याने, पाठ केलेलं म्हणाली,

“ये गं म्हातारे, ये! बस खाली!”

पोपट म्हणाला, “अगं आई गं!” आणि पुढे सरला. शंकरने डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली. शेजारच्या दोघी मराठी होत्या, त्यांनी एकमेकींना कोपर मारलं. अंकम्मा माझ्या तोंडाकडे बघत होती, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी.

मी उंबरा ओलांडला. आत गेले. बसले खाली. पाणी मागून प्यायले.

तेलुगू बाईच्या मराठीत काही राम नाही. तिला ये आणि या यातला फरक कळत नाही. शिकवायला मला इथं चार दिवस राहावं लागेल, असं दिसतं.

आत्ता चांगुणा ‘या आजी, या, बसा’ असं लिहू बघत होती. मी तिचा हात धरला. तसं नाही. ती जशी म्हणाली तसंच लिही.